हाडांचा पत्ता लिहून ठेवणारा पाद्री

संग्रहालयात डायनासोरच्या पुतळ्यापुढे मुलांची नेहमी गर्दी असते. हा काय खात होता, केवढा मोठा होता, माणसाला गिळेल का, असे प्रश्न ती विचारत राहतात. हा पुतळा कशावरून घडवला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या प्राण्याला कोणी पाहिलेले नाही. शेतात, नाल्यात किंवा दगडाच्या खाणीत हाडाचा एक तुकडा सापडतो. अभ्यासक त्याला नाव देतात आणि शिल्पकार त्यावर मांस-कातडी चढवतो. या साखळीची पहिली कडी म्हणजे ती जागा, आणि ती जागा नीट टिपून ठेवणारा माणूस.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत आणि त्यांच्या शेजारच्या मुलखात ही कडी शोधत गेले, की पुन:पुन्हा एकाच नावापाशी यावे लागते. ते नाव म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे विदर्भात हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. पण ज्यांच्या नावाने कॉलेज आहे, त्यांनी या मातीतले अतिप्राचीन प्राणी जगापुढे आणले, हे त्या कॉलेजात शिकलेल्यांपैकीही अनेकांना माहीत नसते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या लहान गावात झाला. एडिंबरा आणि ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळे झाले. या नव्या चर्चचे मिशनरी म्हणून १८४४ मध्ये ते भारताकडे निघाले. वर्षाअखेर मुंबईत उतरून १८४५ च्या आरंभी ते नागपूरजवळच्या कामठीला पोचले. तेव्हा नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते, तिसरे रघूजी गादीवर होते आणि कामठीला इंग्रजांची छावणी होती. १८४६ मध्ये हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा सुरू केली. त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांच्या स्मरणार्थ कॉलेज निघाले.

ते आले होते धर्मप्रसारासाठी, आणि ते काम त्यांनी शेवटपर्यंत केले. त्यासाठी गावोगाव फिरावे लागे, लोकांशी बोलावे लागे. म्हणून ते मराठी शिकले आणि पुढे गोंडीच्या अभ्यासाकडे वळले. निसर्गाची आवड त्यांना लहानपणापासून होती. पावसाळा संपला की दौरे सुरू होत आणि वाटेतला प्रत्येक नाला, विहिरीचा प्रत्येक खड्डा, दगडाची प्रत्येक खाण ते पाहून पुढे जात. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. त्यांनाही हीच आवड होती. त्यामुळे दोन पाद्र्यांची ही जोडी नागपूर भागाची पहिली पद्धतशीर भूगर्भशास्त्रीय पाहणी करणारी जोडी ठरली.

त्यासाठी नागपूर ही फार सोयीची जागा होती. पश्चिमेकडून येणारा दख्खनचा काळा लाव्हा इथे संपत येतो आणि पूर्वेकडचे फार जुने खडक सुरू होतात. एकट्या सीताबर्डीच्या टेकडीत खाली जुना ग्नाइस, मध्ये गाळाचे थर आणि वर लाव्हा असा क्रम दिसतो. १८५१ च्या सुमारास नागपूरच्या पश्चिमेला टाकळीजवळ या दोघांना लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. याचा अर्थ मोठा होता. लाव्हा सलग वाहत आला नव्हता. मध्ये मोठे खंड पडले होते, त्या काळात तळी साचली, त्यांत जीव नांदले आणि मग पुढच्या लाव्ह्याने ते सगळे झाकले. पुढे याच थरांतून बिया, फळे आणि कीटकांचे अवशेष मिळाले. टाकळीच्या परिसरातल्या एका हिरवट खनिजाला हिस्लॉपाइट असे नावही मिळाले.

यापुढचा शोध चंद्रपूरच्या दिशेचा. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवर, वरोरा परिसरात मांगली हे गाव आहे. तिथल्या तांबूस वालुकाश्मात एक कवटी मिळाली. तळहाताएवढीच, पण रुंद, चपटी आणि पुढे आखूड. असे डोके ना मगरीचे, ना बेडकाचे. हिस्लॉप आणि हंटर यांनी ती लंडनला पाठवली. तिथे ती रिचर्ड ओवेन यांच्या हाती आली.

ओवेन हे मूळचे वैद्यकाचे विद्यार्थी. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात हाडे आणि अवयव यांची तुलना करत ते त्या काळचे सर्वांत नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ झाले. डायनासोर हा शब्द १८४२ मध्ये त्यांनीच रूढ केला. मांगलीची कवटी तपासून त्यांनी त्या प्राण्याचे नाव ठेवले ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. ब्रॅकिऑप्स म्हणजे आखूड चेहऱ्याचा आणि लॅटिसेप्स म्हणजे रुंद डोक्याचा. ओवेन यांचा हा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये छापून आला. आज हा प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. बेडूक आणि सॅलॅमँडर ज्या उभयचर गटात मोडतात, त्याच्या प्राचीन नातेवाइकांपैकी तो एक.

आता पुतळ्यांची गोष्ट. मांगलीची कवटी ओवेन यांच्या टेबलावर आली, त्याच सुमारास लंडनजवळ सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेसच्या बागेत जगातले पहिले भव्य प्रागैतिहासिक पुतळे उभे राहत होते. शिल्पकार होते बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स आणि शास्त्रीय सल्ला ओवेन यांचा होता. १८५४ च्या जूनमध्ये बाग लोकांसाठी उघडली. ३० हून अधिक प्राणी, काही तर पूर्ण आकाराचे. आजच्या प्रत्येक डायनासोर पार्कचे मूळ त्या बागेत आहे. त्या पुतळ्यांत ब्रॅकिऑप्सच्या व्यापक गटातले, लॅबिरिंथोडॉन नावाचे प्राणीही आहेत. ते कसे दाखवले आहेत? मोठ्या, फुगीर, बसक्या बेडकांसारखे. त्या काळी हाती फारच थोडी हाडे होती आणि उरलेले शरीर अंदाजाने भरावे लागले. पुढे पूर्ण सांगाडे मिळाले, तेव्हा या गटातले प्राणी सपाट डोक्याचे, आखूड पायांचे आणि लांब शेपटीचे निघाले. इग्वानोडॉनचेही असेच झाले. त्याच्या अंगठ्याचा अणकुचीदार काटा हॉकिन्स यांनी नाकावर शिंगासारखा बसवला. ते पुतळे आजही तिथे आहेत, चुकांसह जपलेले.

पुतळा बदलतो, कवटी बदलत नाही. नवे पुरावे आले की जुना अंदाज मोडून नवा घडवता येतो. पण त्यासाठी मूळ हाड जपलेले हवे आणि ते कुठून, कुठल्या थरातून आले याची नोंद हवी. वैद्यकात हे रोजचेच आहे. शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा तपासणीला जातो, तेव्हा बाटलीवर रुग्णाचे नाव, तारीख आणि तो शरीराच्या कुठल्या भागातला आहे हे लिहिलेले नसेल, तर कितीही चांगला पॅथॉलॉजिस्ट त्यावरून निदान देऊ शकत नाही. जीवाश्माचे तसेच. चिठ्ठी हरवलेले हाड शोभेचे, चिठ्ठी असलेले हाड पुराव्याचे. हिस्लॉप यांची थोरवी इथे आहे. गावाचे नाव, नागपूरपासूनचे अंतर, खडकाचा रंग, वरचा थर आणि खालचा थर अशी चिठ्ठी त्यांच्या नमुन्यांसोबत असे. त्यामुळे मांगलीची कवटी कुठली, हे पावणेदोनशे वर्षांनीही सांगता येते. पुढे ब्रॅकिऑप्सच्या नावावरून ब्रॅकिऑपिड हे एक पूर्ण कुळच ओळखले जाऊ लागले. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत सापडलेले त्याचे सगेसोयरे याच कुळनावाने ओळखले जातात. त्या नावाचे मूळ वरोऱ्याकडच्या एका खेड्यात आहे.

त्यांनी टिपलेली दुसरी जागा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातले पिसदुरा. इथे लाव्ह्याआधीच्या लॅमेटा थरांत, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीच्या मातीत, प्रचंड हाडे उघडी पडलेली असत. हिस्लॉप यांच्या नोंदींमुळे ही जागा अभ्यासकांना कळली. नंतरच्या पिढ्यांनी इथून लांब मानेच्या, शाकाहारी टायटॅनोसॉर गटातल्या डायनासोरांची हाडे गोळा केली. पण पिसदुऱ्याचे नाव सर्वदूर झाले ते वेगळ्याच वस्तूमुळे. दगड झालेल्या विष्ठेच्या गोळ्यांसाठी. १९३९ मध्ये मॅटली या इंग्रज भूशास्त्रज्ञाने त्यांच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला.

रुग्णाच्या पोटात काय चालले आहे हे कळायला डॉक्टर शौचाची तपासणी करायला सांगतात. पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांची तपासणी हा तसाच प्रकार, फक्त रुग्ण ७ कोटी वर्षांपूर्वीचा. वनस्पती आपल्या पेशींत गारेचे, म्हणजे सिलिकाचे, सूक्ष्म कण साठवतात. पान कुजले, पचले तरी ते कण टिकतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात दाखवून दिले, की पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत गवताचे कण आहेत, आणि तेही एकाच नव्हे तर अनेक प्रकारच्या गवतांचे. २०११ मध्ये आणखी एका निबंधात भाताच्या कुळाशी नाते सांगणारे कणही नोंदवले गेले. ज्या चंद्रपूर-गडचिरोलीत आज पावसाळाभर धानाची बांधी हिरवी असते, तिथल्याच मातीत भाताच्या पूर्वजांचा हा एवढा जुना माग सापडावा, हा योग विलक्षण आहे.

याचा पुतळ्यांशी थेट संबंध आहे. तोवर संग्रहालयांतल्या देखाव्यांचा एक पक्का नियम असे. डायनासोरच्या पायाखाली नेचे दाखवा, सूचिपर्णी झाडे दाखवा, पण गवत दाखवू नका, कारण गवत फार नंतर पसरले असा समज होता. पिसदुऱ्याच्या गोळ्यांनी तो नियम मोडला. जागेची जुनी नोंद नसती, तर त्या शेतात पुन्हा जाऊन हे गोळे वेचणार कोण होते?

दक्षिणेकडे, आज तेलंगणात असलेल्या मलेरी गावातून हिस्लॉप यांनी दातांचे काही विचित्र नमुने मिळवले. ते सेराटोडस या फुप्फुसवाल्या माशाचे होते. १८५९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी हा मासा जगात फक्त दातांवरून माहीत होता. त्याचे शरीर कसे असेल हा निव्वळ तर्क होता. १८७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या नद्यांत जिवंत फुप्फुसमासा सापडला, तोही जवळजवळ तशाच दातांचा. दगडातल्या प्राण्याचा असा जिवंत पडताळा मिळणे क्वचितच घडते. हिस्लॉप तेव्हा हयात नव्हते.

सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तिथल्या चुनखडकातले चकचकीत खवल्यांचे मासे हिस्लॉप यांच्या आधीच प्रकाशात आले होते. डॉ. वॉकर आणि डॉ. बेल यांचे ते काम. बेल यांनी कोटा येथे जमिनीत बोअर घेऊन मिळालेल्या थरांचा वृत्तान्त १८५२ मध्ये लंडनला छापून आला. हिस्लॉप यांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. कोट्याचे मासे, मलेरीचे दात, मांगलीची कवटी, आणि नागपूर-चंद्रपूरचा कोळसा व पानांचे ठसे या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध? कोणते आधीचे, कोणते नंतरचे? १८६१ मध्ये या खडकांच्या वयावर त्यांनी निबंध लिहिला. तो कोळसा आज चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राच्या भट्ट्यांत जळतो. ज्या खडकांत तो आहे त्यांना १८७२ मध्ये मेडलिकॉट यांनी गोंडवाना हे नाव दिले आणि पुढे एका प्राचीन महाखंडालाही तेच नाव मिळाले.

गोंडवानातल्या माणसांकडेही हिस्लॉप यांनी त्याच नजरेने पाहिले. परधान गायकांकडून त्यांनी गोंडांच्या लिंगोची दीर्घ गाथा उतरवून घेतली, शब्दसूची केल्या, चालीरीती टिपल्या. मिशनरी म्हणून त्यांचे स्वतःचे मत काहीही असो, ऐकलेले जसेच्या तसे टिपण्याची शिस्त त्यांनी सोडली नाही.

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्याचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांना हिस्लॉप यांच्या माहितीचे मोल कळले होते. सप्टेंबर १८६३ मध्ये दोघे नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहायला गेले. ही वर्तुळे म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ रचलेली प्राचीन दफनस्थळे. ४ तारखेला टेंपल बोरीच्या मुक्कामाकडे पुढे गेले. हिस्लॉप मागे राहिले आणि संध्याकाळी एकटेच घोड्यावरून निघाले. सकाळी सहज ओलांडलेला नाला पावसाने फुगला होता. मुक्कामावर घोडा पोचला, स्वार पोचला नाही. शोध घेतल्यावर पाण्यात त्यांचा मृतदेह मिळाला. ४६ वा वाढदिवस चार दिवसांवर होता.

सकाळी घोटाभर असलेले पाणी संध्याकाळी छातीला लागते, हे विदर्भातल्या खेड्यांना सांगायला नको. दरवर्षी पावसाळ्यात या भागात असे बळी आजही जातात, आणि बहुतेकांना ती वाट पाठ असते. वाहत्या पाण्यात गुडघ्याएवढी खोलीही माणसाचे पाय उचलते. हिस्लॉप तर अठरा वर्षे हा मुलूख तुडवत होते.

त्यांची टिपणे अर्धवट राहिली. १८६६ मध्ये टेंपल यांनी आदिवासींविषयीचे लेखन संपादित करून नागपुरात छापले. त्यात लिंगोची गाथा आहे. दगडांविषयीचे त्यांच्या मनातले बरेच काही मात्र त्यांच्याबरोबरच गेले असणार. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, त्याच १८६३ सालचे.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अभ्यासक प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरले. संस्थेचे प्रमुख प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना खास बोलावून घेतले होते. जुन्या निबंधांतली गावांची नावे हाताशी होतीच. कोटा थरांतून, पोचमपल्ली गावाजवळ, निदान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडे मिळाली. मांडीचे हाड जवळजवळ पावणेदोन मीटरचे होते. १९७५ मध्ये सोहनलाल जैन आणि सहकाऱ्यांनी त्याचे नाव जाहीर केले, बारापासॉरस टागोराय. बारा पा म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोराय हे रवींद्रनाथांच्या सन्मानार्थ, कारण १९६१ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. कोलकात्याच्या संस्थेत या प्राण्याचा सांगाडा उभा आहे. भारतात सापडलेल्या हाडांवरून उभारलेला हा पहिला मोठा डायनासोर सांगाडा. पण त्याचे डोके पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही दात सोडले तर या प्राण्याची कवटी सापडलेली नाही. डोके हा नातेवाइकांवरून केलेला अंदाज आहे. सिडनहॅमच्या बेडकांसारखाच, फक्त अधिक माहितीवर आधारलेला. उद्या सिरोंच्याकडच्या एखाद्या नाल्यात ते डोके सापडले, तर हा पुतळाही दुरुस्त करावा लागेल.

आणि ते सापडू शकते. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. पिसदुऱ्याच्या शेतांत नांगराला आजही दगडी गोळे लागतात. जंगलात गुरे चारणाऱ्याला, विहीर खणणाऱ्या मजुराला, शाळेच्या सहलीतल्या मुलाला असा तुकडा कधीही दिसू शकतो. तेव्हा तो उचलून घरी नेण्याचा मोह होतो. नेमका तेव्हाच त्याचा पत्ता पुसला जातो. तुकडा जागेवरच राहू द्यावा, मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, गावाचे नाव, गट क्रमांक, जवळचा नाला किंवा झाड लिहून ठेवावे आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. हाड दाखवणाऱ्या गावकऱ्याचे नावही त्या चिठ्ठीवर असावे. जुन्या निबंधांत ही नावे क्वचितच आढळतात, आणि ती उणीव आता भरून काढता येण्यासारखी आहे.

हिस्लॉप यांच्याजवळ घोडा, हातोडा, कागद आणि दौत एवढेच साहित्य होते. ओवेन यांचे फुगीर बेडूक कालबाह्य झाले, थरांच्या वयाबद्दल हिस्लॉप यांनी मांडलेले काही तर्कही नंतरच्यांनी सुधारले. मांगली, मलेरी आणि पिसदुरा या गावांची नावे मात्र त्यांच्या कागदावरून आजच्या अभ्यासकांपर्यंत बिनचूक पोचली आहेत.